दुपारी दोनचा फुगवटा

नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे बर्डीवर, व्हरायटी चौकात उभं राहून मोबाईलवर मोदी नंबर तीनची गल्ली शोधणाऱ्या माणसाला कल्पना नसते, पण त्याच्या हातातल्या यंत्राकडे आठ आकडे येऊन पडलेले असतात. कधी ते थेट उपग्रहाकडून येतात, कधी मोबाईल कंपनीच्या जाळ्यातून. चारांना अल्फा म्हणतात, चारांना बीटा. जीपीएसचा उपग्रह आपला पूर्ण संदेश साडेबारा मिनिटांत एकदा सांगून संपवतो आणि पुन्हा सुरू करतो. त्या संदेशाच्या एका कोपऱ्यात हे आठ आकडे असतात. बर्डीवरच्या आकाशात, शंभर किलोमीटरच्या वर, सूर्याच्या अतिनील किरणांनी सध्या काय करून ठेवलं आहे याचा अंदाज त्यांत कोंबलेला आहे. तंत्रज्ञ त्याला सूत्र म्हणतात. मी त्याला रचना म्हणतो. रचना म्हटली की ती कुठे बोलते, कुठे गप्प राहते आणि कुठे तिचा तोल जातो, हे पाहता येतं.

रचनाकार जॉन क्लोबुचर. अमेरिकी हवाई दलाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या भूभौतिकी प्रयोगशाळेत काम करताना १९७०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी हे सूत्र बसवलं. १९८७ मध्ये ते एका शोधनिबंधात सविस्तर छापून आलं. अट मोठी कडक होती. अख्ख्या पृथ्वीवरच्या आयनांबराचं, म्हणजे वरच्या हवेतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या थराचं, वर्णन करायचं, पण उपग्रहाच्या संदेशात जागा आठच आकड्यांची. तेव्हाच्या ग्राहकयंत्रांचं गणिताचं बळ बेताचं, म्हणून आकडेमोडही थोडक्यात उरकायची. या अटींच्या बदल्यात क्लोबुचरांनी जे वचन दिलं ते मला फार आवडतं: या सूत्राने आयनांबरामुळे होणारी चूक साधारण निम्मी कमी होईल. निम्मीच. इतक्या माफक वचनावर उभी राहून इतकी वर्षं टिकलेली रचना विज्ञानात फारशी नसेल.

चूक कसली, ते आधी सांगायला हवं. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून वेळेचा इशारा पाठवतो आणि तो किती उशिरा पोचला यावरून मोबाईल अंतर काढतो. वाटेत मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा थर लागला की तो इशारा रेंगाळतो. एका नॅनोसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा, उशीर झाला की अंतर तीस सेंटिमीटरने चुकतं. रात्री ही चूक दीड-दोन मीटरच्या घरात असते. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, भारतासारख्या प्रदेशात, भर दुपारी ती दहा-पंधरा मीटरवर जाऊ शकते, तीही उपग्रह थेट डोक्यावर असताना. उपग्रह क्षितिजाजवळ असेल तर किरण थरातून तिरका येतो आणि चूक तिपटीला पोचते.

हे इलेक्ट्रॉन मोकळे कोणी केले? सूर्यानेच, पण आपल्याला दिसणाऱ्या सूर्याने नाही. ऑक्सिजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायचा तर किरणाची तरंगलांबी ९१ नॅनोमीटरहून कमी हवी. मे महिन्यात नागपुरात कातडी पोळवणारे अतिनील किरण तीनशेच्या आसपासचे, म्हणजे या कामाला फारच दुबळे. खरं काम करणारे किरण अतिनील पट्ट्याच्या पार टोकाला असतात, सूर्याच्या पृष्ठभागावरच्या तापलेल्या थरांतून निघतात, आणि त्यांच्यातला एकही जमिनीवर पोचत नाही. सगळे वरच शोषले जातात. सूर्याचा एकूण प्रकाश अकरा वर्षांच्या चक्रात हजारात एखाद्या भागाने बदलतो. हे टोकाचे किरण मात्र दुपटीने आणि त्याहूनही जास्त वरखाली होतात. खालचं जग ज्या सूर्याला स्थिर समजतं, तोच वरच्या हवेला चांगला लहरी भेटतो.

थर तयार का होतो, याचं उत्तर सिडनी चॅपमन यांनी १९३१ मध्ये दिलं. मला ते या साऱ्या शास्त्रातलं सर्वांत देखणं उत्तर वाटतं. खूप वर किरण भरपूर, पण त्यांना धडकायला हवाच नाही. खूप खाली हवा भरपूर, पण तोवर किरण संपलेले. म्हणजे इलेक्ट्रॉन सर्वांत जास्त निपजणार ते मधल्याच एका उंचीवर, आणि ही उंची सूर्याच्या कलण्याबरोबर सरकणार. सकाळी तिरका सूर्य असताना ती वर, मध्यान्ही खाली. चॅपमनांच्या समीकरणात घातांकावर घातांक चढलेला आहे. समीकरण न वाचताही विचार पटतो, आणि विचार पटल्यावर समीकरण दुसरं काही असूच शकत नाही असं वाटू लागतं.

आता मोजण्याचा पेच पाहा. जे किरण खाली येतच नाहीत ते मोजायचे कसे? १० ऑक्टोबर १९४६ रोजी न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सहून जर्मनांकडून हस्तगत केलेल्या व्ही-२ अग्निबाणावर रिचर्ड टूझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णपटमापक चढवला आणि ओझोनच्या वर जाऊन सूर्याचा अतिनील वर्णपट पहिल्यांदा टिपला. पुढे उपग्रह आले. त्यांचं दुखणं निराळं: ज्या किरणांना मोजायचं तेच किरण मोजणाऱ्या यंत्राचे डोळे झिजवतात. काही वर्षांत यंत्र मंद पडतं, आणि सूर्य मंदावला की यंत्र, हे कळेनासं होतं. म्हणून अधूनमधून छोट्या अग्निबाणावर तसंच ताजं यंत्र काही मिनिटांसाठी वर पाठवून जुन्याशी ताडून घ्यावं लागतं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे हटकून आदित्य-एल१ आठवेल, आणि त्यावरची पुण्याच्या आयुकाने घडवलेली 'सूट' ही अतिनील दुर्बीण. २ सप्टेंबर २०२३ रोजी यान निघालं, ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या जागी पोचलं. अभिमान रास्त आहे, पण 'सूट' पाहते २०० ते ४०० नॅनोमीटरचा पट्टा. तो प्रकाश आयनांबर घडवत नाही. तो त्याखाली उतरतो आणि ओझोनच्या कारभारात हात घालतो. बातम्यांत 'अतिनील' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला जातो आणि दोन अगदी वेगळ्या मजल्यांवरची कामं एक होऊन बसतात.

क्लोबुचरांच्या काळी तर टोकाच्या अतिनील किरणांचं सलग, भरवशाचं मोजमापच नव्हतं. मग त्यांनी उसनवारी केली. कॅनडात १९४७ पासून रोज सूर्याची १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओ खरखर मोजतात. हे काम आर्थर कोव्हिंग्टन यांनी ओटावाजवळ सुरू केलं. १९९१ पासून ते ब्रिटिश कोलंबियातल्या पेंटिक्टनला चालतं. या रेडिओ लहरी आयनांबराला काहीच करत नाहीत. पण त्या निघतात सूर्याच्या ज्या भागांतून, त्याच भागांतून अतिनील किरणही उसळतात. शिवाय त्या ढग, पाऊस, हवा ओलांडून सुखरूप खाली येतात. सूर्य निवांत असताना हा आकडा सत्तरच्या खाली-वर असतो, जोरात असताना दोनशेपार जातो. जीपीएसच्या मूळ व्यवस्थेत वर्षाचे सदतीस भाग केलेले, आणि गेल्या पाच दिवसांच्या या रेडिओ आकड्याच्या सरासरीचे दहा. सदतीस गुणिले दहा, म्हणजे तीनशे सत्तर संच तयार. त्या दिवसाला जो बसेल तो संच उचलायचा आणि उपग्रहावर चढवायचा. बर्डीवरच्या मोबाईलमध्ये शिरणारे आठ आकडे असे कॅनडातल्या एका अँटेनाच्या वाटेने आलेले असतात. त्यांत अतिनील किरण प्रत्यक्ष मोजलेला कुठेच नाही. त्याच्याच घरातून निघालेल्या दुसऱ्या पाहुण्याला विचारून त्याची खुशाली कळवलेली आहे.

आता रचना उघडू या.

पहिली ओळ रात्रीची. उशीर: पाच नॅनोसेकंद. दीड मीटर. रात्रभर, सर्वत्र, सर्व ऋतूंत एवढाच. आठ आकड्यांपैकी एकही या ओळीवर खर्च केलेला नाही. सूर्य मावळल्यावरही वरचे इलेक्ट्रॉन पुरते संपत नाहीत, कारण तिथे हवा इतकी विरळ की सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा जोडीदार सापडायला तास लागतात. त्या उरलेल्या मुदलाची नोंद म्हणून हे पाच नॅनोसेकंद. रात्रीबद्दल क्लोबुचर यापुढे एक अक्षर बोलत नाहीत.

दुसरी ओळ दिवसाची: पाच नॅनोसेकंदांच्या सपाट रेषेवर उभा केलेला एकच फुगवटा, कोसाइनच्या आकाराचा. अल्फा त्याची उंची ठरवतात, बीटा त्याचा पसारा. आणि शिखर? शिखराची वेळ आठांपैकी कोणाच्याच हाती नाही. ती सूत्रात कोरून टाकली आहे: ५०,४०० सेकंद. मध्यरात्रीपासून मोजले तर दुपारचे बरोबर दोन. नागपूर असो, नैरोबी असो, पौष असो की ज्येष्ठ, स्थानिक घड्याळात दोन वाजले की आकाश शिखरावर. एवढी बेधडक ओळ लिहायला छाती लागते. आणि ती बहुतेक ठिकाणी बरीचशी खरी ठरते, यातच क्लोबुचरांची नजर दिसते. कुठला तपशील उडवला तर आकार मोडणार नाही, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

फुगवटा कमीत कमी दहा तासांचा, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. बीटा सांगतील तसा तो आणखी पसरतो. पण मला खरी गंमत वाटते ती शिवणीत. कोसाइन काढणं जुन्या यंत्राला जड, म्हणून फुगवट्यात खरा कोसाइन नाहीच. त्याच्या जागी त्याची पहिली तीन पदं आहेत: एक, वजा वर्गाचा अर्धा, अधिक चतुर्थ घाताचा चोविसावा भाग. शिखराशी ही नक्कल अस्सलशी तंतोतंत जुळते. कडेला, जिथे फुगवटा रात्रीच्या रेषेला टेकायला हवा, तिथे ती शून्यावर येत नाही. शिखराच्या उंचीच्या सुमारे दोन टक्के वर लटकते आणि मग सूत्र एकदम रात्रीची रेषा धरतं. कागदावर आलेख काढून पाहा, बारीकशी पायरी दिसेल. शिंप्याला ही शिवण दिसत होती. निम्मी चूक उरणारच आहे तिथे दोन टक्क्यांसाठी गणित वाढवायचं नाही, एवढा त्याचा हिशोब.

तिरकेपणाचा गुणकही असाच आटोपशीर. उपग्रह डोक्यावर असेल तर तो एकाला चिकटून राहतो, क्षितिजावर असेल तर ३.४ च्या जवळ जातो. त्यात सोळा, ०.५३ आणि एक घन एवढाच मजकूर. शेकडो किलोमीटर जाडीचं आयनांबर इथे ३५० किलोमीटर उंचीवरचा एक कागदासारखा पापुद्रा मानलं आहे. खोटं आहे, सोयीचं आहे, आणि खोटं आहे हे सांगून वापरलेलं आहे.

मग येते ती ओळ, जिने नागपूर जागचं हलतं. अल्फा आणि बीटा ज्या अक्षांशावर लावायचे तो नकाशावरचा नाही, चुंबकीय. वरच्या इलेक्ट्रॉनांना भूगोलापेक्षा पृथ्वीच्या चुंबकाचं जास्त ऐकावं लागतं, म्हणून सूत्र एका छोट्या दुरुस्तीने अक्षांश फिरवून घेतं. मी नागपूरचा हिशोब केला. अक्षांश २१.१५, रेखांश ७९.०९, सूत्राच्या एककांत बदलून, रेखांशातून १.६१७ वजा करून, कोसाइन काढून, ०.०६४ ने गुणलं, ते अक्षांशात मिळवलं आणि पुन्हा अंशांत आणलं. उत्तर: ११.४ अंश. झिरो माइलच्या दगडाजवळ उभं राहून भारताच्या मध्याची ऐट मिरवणारं शहर या हिशोबात जवळजवळ दहा अंश दक्षिणेला घसरतं आणि चुंबकीय विषुववृत्ताच्या शेजाऱ्यांत जाऊन बसतं. हे विषुववृत्त आपल्या देशात तिरुनेलवेलीच्या बाजूने जातं. थुंबा अग्निबाणांसाठी निवडलं गेलं तेही त्याच्याच जवळिकीमुळे. म्हणजे आपलं आकाश दक्षिणेकडच्या त्या रेषेच्या अंमलाखालचं आहे. हे ध्यानात ठेवा, कारण सूत्राचा तोल जातो तो याच ठिकाणी.

त्याआधी मुंबईला जाऊन यायला हवं. सूर्याच्या अतिनील किरणांचं दैनंदिन हस्ताक्षर मराठी मुलखात या सूत्राच्या शंभराहून अधिक वर्षं आधीच टिपलं जात होतं. टिपणाऱ्यांना ते कोणाचं, हे मात्र ठाऊक नव्हतं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची. तिथे चुंबकीय वेध १८४१ मध्ये सुरू झाले. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांचा या वेधशाळेशी संबंध होता. केरो लक्ष्मण छत्रे, पुढे टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना, कोवळ्या वयात वेधशाळा चालवणाऱ्या ऑर्लेबार यांच्या हाताखाली इथेच वेध घ्यायला शिकले. तेव्हा यंत्राची नोंद डोळ्याने वाचून हाताने लिहायची, तासामागून तास, दिवस आणि रात्र. त्या आकड्यांत रोज एक चढउतार दिसे: सकाळपासून पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा आडवा घटक वाढत जाई, मध्यान्हाच्या आसपास शिखरावर पोचे, संध्याकाळी उतरे. आजच्या एककांत अलिबागला हा घटक अडतीस हजार नॅनोटेस्लाच्या आसपास आहे आणि शांत दिवशीची चढण जेमतेम दोन आकडी. हजारात एखादा भाग. तेवढं पकडायचं तर हात स्थिर लागतो आणि वहीवर विश्वास लागतो.

हा चढउतार कशाचा, याचा अंदाज बॅल्फर स्ट्युअर्ट यांनी १८८२ मध्ये बांधला: वरच्या हवेत वीज वाहत असली पाहिजे. तोवर इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. आज आपण जाणतो की शंभर-एकशेदहा किलोमीटरवर अतिनील आणि क्ष-किरण हवा विद्युतवाहक करून ठेवतात, सूर्यतापाने उठलेले वारे ती वाहक हवा चुंबकीय क्षेत्रातून ओढतात, आणि वरच जनित्र चालू होतं. त्याच्या प्रवाहाने खालची सुई हलते. कुलाब्याची वही म्हणजे चॅपमनांच्या थराची, थराचं नाव पडण्याआधीची, रोजनिशी.

ही सामग्री नानाभाई मूस यांनी छापली. ते या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय वेधांना धोका झाला. मूस यांनी अलिबागची जागा शोधली, १९०४ मध्ये तिथे लोखंडाचा लवलेश नसलेल्या पोरबंदरी दगडाच्या इमारती उभ्या केल्या, आणि काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेऊन जुनी मालिका नव्या मालिकेला जोडून दिली. १९१० मध्ये १८४६ ते १९०५ या काळातल्या कुलाब्याच्या चुंबकीय वेधांचे दोन जाडजूड खंड निघाले. त्यात तासांची, महिन्यांची, ऋतूंची कोष्टकं आहेत, वादळांची स्वतंत्र छाननी आहे, सूर्यावरच्या डागांशी ताडून पाहणं आहे. मूस काहीही गाळत नाहीत. क्लोबुचर जवळजवळ सगळंच गाळतात. दोघांचा विषय एकच, सूर्याचा वरच्या हवेवरचा हात. आणि मला विचाराल तर एकाशिवाय दुसरा अपुरा वाटतो. गाळायचं काय हे ठरवण्याचा हक्क ज्यांनी काहीच गाळलं नाही त्यांच्या वह्यांवरच मिळतो.

दोन्ही वक्र शेजारी ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. अलिबागच्या सुईचं शिखर मध्यान्हाला लागून, बरेचदा जरा आधीच. क्लोबुचरांचं शिखर दोनला. सूर्य एकच, मग हा फरक कुठून आला? तो उंचीतून आला. शंभर किलोमीटरवर हवा तुलनेने दाट. सुटलेला इलेक्ट्रॉन बघताबघता पुन्हा पकडला जातो, म्हणून तो थर सूर्याच्या मागे-मागे चालतो, माथ्यावर आला की भरतो, कलला की ओसरतो. तीनशे किलोमीटरवर पकडापकडी मंद; सकाळची कमाई दुपारपर्यंत साठत राहते आणि सूर्य कलू लागल्यावरही काही काळ जमा खर्चापेक्षा जास्त असते. वाऱ्यांचाही या वेळांत वाटा आहे, पण मुख्य मर्म हेच. दोन शिखरांमधलं अंतर हे दोन उंचींवरच्या हवेच्या विरळपणाचं माप आहे. क्लोबुचरांच्या त्या बेधडक ५०,४०० मध्ये हे सगळं न बोलता बसलेलं आहे.

आता तोल जाण्याची जागा. अल्फांचे चार आकडे चुंबकीय अक्षांशाच्या घातांना लावायचे: शून्य, एक, दोन, तीन. म्हणजे त्रिघाती बहुपद. शाळेतलं गणित सांगतं की त्रिघाती वक्र फार तर दोनदा वळतो. एक माथा, एक खळगा, की संपलं. पण विषुववृत्ताजवळच्या खऱ्या आकाशाला तीन वळणं लागतात. दिवसा चुंबकीय विषुववृत्तावर इलेक्ट्रॉन वर उचलले जातात, खूप उंचावर, आणि तिथून क्षेत्ररेषांवरून घसरत उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतात. विषुववृत्तावर सूर्य सर्वांत प्रखर, तरी तिथे खळगा. आणि दोन्ही बाजूंना पंधराएक चुंबकीय अंशांवर माथे. म्हणजे बर्डीच्या किल्ल्यासारखा आकार: दोन टेकड्या, मध्ये खिंड, आणि टेकड्या सारख्या नाहीत, एक लहान एक मोठी. क्लोबुचरांच्या त्रिघाती अक्षराला एकच टेकडी काढता येते. आकडे कितीही काळजीपूर्वक निवडा, दुसरी टेकडी उमटणारच नाही. ही चूक आकड्यांची नाही, वृत्ताची आहे. अल्फा आणखी एक असता तर वळण तिसरं मिळालं असतं. पण संदेशात नववी जागा नव्हती.

या दोन टेकड्यांतली दक्षिणेकडची हिंदी महासागरावर पडते. उत्तरेकडची पडते भोपाळ-अहमदाबादच्या पट्ट्यावर. नागपूर तिच्या दक्षिण उतारावर येतं. उतारावर असणं माथ्यावर असण्यापेक्षा अवघड, कारण टेकडी रोज सारखी उंच नसते आणि एकाच जागी बसत नाही. थोडी सरकली की उतारावरच्या आकड्यात मोठा फरक पडतो. एकाच क्षणी नागपूरहून उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या उपग्रहाकडे जाणारे दोन किरण अगदी वेगळ्या दाटीच्या आकाशातून जातात. दक्षिणेकडे पाहा तर खिंड, उत्तरेकडे पाहा तर माथा.

खळग्याचं कोडं प्रथम ज्यांनी सोडवायला घेतलं त्यांत कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र होते. १९४६ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ॲपल्टन यांनी विषुववृत्ताजवळच्या या विसंगतीकडे लक्ष वेधलं, आणि त्याच वर्षी मित्रांनी सुचवलं की विषुववृत्तावर उंचावर तयार झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून दूर उतरत असावेत. उचलून नेणारा जोर कोणता, हे नंतरच्यांनी सांगितलं. पुढच्याच वर्षी मित्रांचा वरच्या वातावरणावरचा मोठा ग्रंथ आला, आणि जगभरचे आयनांबराचे अभ्यासक त्यावर शिकले. मला खटकतं ते एवढंच की आपल्याकडे मित्रांचं नाव निघतं तेव्हा कौतुक पुस्तकाच्या आकाराचं होतं, या एका सूचनेचं होत नाही.

क्लोबुचरांना आपल्या त्रुटीची जाणीव होती का? याचं उत्तर मला एका सहलेखनात दिसतं. १९७५-७६ मध्ये एटीएस-६ हा उपग्रह खेड्यांतल्या दूरदर्शन प्रयोगासाठी भारताच्या दृष्टिपथात आणला गेला होता. त्याच्यावर आयनांबर मोजण्याचे रेडिओ दीपही होते, आणि भारतातल्या केंद्रांच्या साखळीने ते ऐकले. त्या सामग्रीवरचा १९९० मधला एक महत्त्वाचा निबंध आर. जी. रस्तोगी आणि क्लोबुचर यांनी मिळून लिहिला. रस्तोगी म्हणजे मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे माजी संचालक. विषय: विसंगतीच्या पट्ट्यातलं इलेक्ट्रॉनांचं प्रमाण आणि चुंबकीय विषुववृत्तावरून वाहणाऱ्या विद्युतझोताशी त्याचं नातं. ज्या आकाशाने सूत्र खोटं पाडलं, त्याच आकाशावर सूत्रकर्ता अभ्यासाला बसला.

तो विद्युतझोत मोजण्याची भारतीय पद्धत इतकी साधी की तिचं वेगळं रसग्रहण व्हावं. तिरुनेलवेलीच्या सुईची दैनंदिन हालचाल घ्यायची, तीतून अलिबागच्या सुईची वजा करायची. दोन्हीकडे सूर्याचा सर्वसाधारण परिणाम असतोच. वजाबाकीत तो जातो आणि उरतो फक्त विषुववृत्तावरचा झोत. झोत जितका जोरदार, तितका वर उचलण्याचा जोर मोठा, तितकी उत्तरेकडची टेकडी उंच आणि लांब. मूस यांनी ट्रामच्या भीतीने शोधलेली जागा आज या वजाबाकीतलं दुसरं पद आहे.

भारताने आपली जीपीएस-सुधारणा यंत्रणा 'गगन' उभारली तेव्हा आठ आकड्यांचा मोह सोडावाच लागला. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी देशभर संदर्भ केंद्रं बसवली. नागपूर त्यांतलं एक. ही केंद्रं दोन वारंवारतांवर ऐकून उशीर प्रत्यक्ष मोजतात आणि त्यावरून देशावर पसरलेल्या जाळीच्या प्रत्येक गाठीवरचा उशीर विमानांना कळवतात. एका पापुद्र्याची कल्पनाही इथे पुरली नाही. अनेक थर मानणारं प्रतिमान इस्रोने तयार केलं. २०१५ मध्ये विमानं उतरवताना उंचीच्या मार्गदर्शनासाठीही 'गगन' प्रमाणित झालं. विसंगतीच्या पट्ट्यात हे करून दाखवणारी ही पहिली यंत्रणा. मोबाईलच्या माणसाला मात्र यातलं काही फारसं लागत नाही. बर्डीच्या गल्ल्यांत त्याची जागा चुकते ती बहुतांशी उंच इमारतींवरून परावर्तित झालेल्या लहरींमुळे. आयनांबराचा त्यातला वाटा आता धाकटा.

एक वेळ मात्र अशी आहे की तेव्हा जाळी आणि सूत्र दोघांचेही हात टेकतात. सूर्यास्तानंतर विषुववृत्तावरचे इलेक्ट्रॉन पुन्हा एकदा झपाट्याने वर उचलले जातात, खालचा थर मात्र विरून जातो, आणि या उलथापालथीत जवळजवळ रिकामे बुडबुडे तयार होऊन क्षेत्ररेषांच्या वाटेने उत्तर-दक्षिण पसरतात. आपल्या रेखांशांवर त्यांचा मोसम विषुवदिनांच्या आसपासचा, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. सौरचक्र शिखरावर असलं की विशेष. म्हणजे पाडव्याच्या आणि दसऱ्याच्या खरेदीला बर्डीवर पाय ठेवायला जागा नसते त्या आठ ते अकराच्या वेळा. क्लोबुचरांचं सूत्र तेव्हा फुगवट्याचा उतार उतरत असतं किंवा तो संपवून आपले पाच नॅनोसेकंद सांगत असतं. वर उपग्रहाचा इशारा बुडबुड्यांच्या कडांवर फुटून लुकलुकू लागतो, काही क्षण इतका क्षीण होतो की ग्राहकयंत्राची पकडच सुटते. उशीर किती झाला हे सांगायला आधी इशारा हाती यावा लागतो. तो सुटला की दुरुस्ती लावायला काही उरत नाही, आणि यंत्राला आकाशाच्या दुसऱ्या बाजूचे, बुडबुड्यांबाहेरचे उपग्रह शोधावे लागतात.